अठ्ठेचाळीस सोमवार

फोन वाजला तेव्हा रत्ना गच्चीवर गोधड्या उन्हात टाकत होती, म्हणून तो मी घेतला. भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. मंगळवार, सकाळचे अकरा. पलीकडे संगीता देवकर होत्या, कळंबटेकच्या शाळेच्या शिक्षिका. सुट्टी असूनही त्या डोंगर चढून शाळेत येऊन बसल्या होत्या. सोमवारी शाळा उघडण्याआधी आमची डिस्क घालून कॉम्प्युटर तयार ठेवायचा, असा त्यांचा बेत होता.

"सर, बसलं सगळं नीट," त्या म्हणाल्या. "मराठीत येतंय. बाईंच्या पाठांची यादीपण दिसतेय, एक ते अठ्ठेचाळीस. पण पाठ लागत नाही."

मी त्यांना स्पीकरची वायर बघायला सांगितली.

"स्पीकर चालू आहे सर. कॉम्प्युटर सुरू होताना वाजतो की. पाठावर दाबलं की म्हणतो, फाइल सापडत नाही."

"कुठल्या पाठावर दाबलंत?"

"सगळे दाबून बघितले," त्या म्हणाल्या. "अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस."

बघून कळवतो म्हणालो आणि फोन ठेवला. माझ्या कॉम्प्युटरवर बसलो. पहिला पाठ दाबला. फाइल सापडत नाही. दुसरा दाबला. मग मीही सगळे दाबले. शेवटचा दाबून झाला तेव्हा काय झालंय ते मला कळलं होतं.

ते काय होतं, हे आधी सांगतो.

मी टेलिफोन खात्यात होतो. पोल चढण्यापासून सुरुवात केली आणि कराडच्या एक्स्चेंजमधून लवकर निवृत्ती घेऊन बाहेर पडलो. नंतर कॉम्प्युटरचा नाद लागला, तोही फुकट मिळणाऱ्या आणि कुणालाही बदलता येणाऱ्या सिस्टीमचा. रत्ना जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग घ्यायची. त्या वर्षी तालुक्यातल्या एकतीस डोंगरी शाळांना कुठल्याशा ऑफिसातले जुने कॉम्प्युटर मिळाले. इंटरनेट नव्हतं, आणि आतलं सगळं इंग्रजीत. रत्ना म्हणाली, तुम्ही यांच्यासाठी मराठीतली डिस्क करा, एकदा घातली की सगळं आपोआप बसेल अशी. मी वाचनाचे पाठ करून देते, तेही त्यातच घाला.

तिने पाठ स्वतः लिहिले. छोट्या छोट्या गोष्टी, सहा-सात मिनिटांच्या. वहीत लिहायची आणि मग माइकसमोर वाचायची. आमच्या घराला लागून हणमंत गिरणीवाल्याची पिठाची गिरणी. वीज असली की गिरणी चालू, आणि गिरणी बंद असली म्हणजे वीज नाही, मग कॉम्प्युटरही बंद. दोन्ही जमायचं फक्त सोमवारी, गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी. शाळेतून आली की साडी न बदलता ती माइकसमोर बसायची. सोमवारी एक पाठ. अठ्ठेचाळीस पाठांना वर्ष गेलं. हणमंत मला म्हणायचा, "अण्णा, लोकं सोळा सोमवार करत्यात. तुमच्या बाईंचं कुठवर आलं?"

आता माझी चूक. रत्ना पाठ वाचून झाला तरी सोडायची नाही. पुन्हा वाचायची, जुना पुसून नवा ठेवायची. म्हणून डिस्कची तयारी चालली होती त्या फोल्डरात मी तिचे पाठ उतरवून घेतले नाहीत, नुसत्या लिंक ठेवल्या. लिंक म्हणजे पाटी. दुकान बंद असतं आणि दारावर लिहिलेलं असतं, अमक्या गल्लीत जा. माझ्या पाट्या रत्नाच्या फोल्डरकडे बोट दाखवायच्या, त्यामुळे तिने काहीही बदललं तरी मला ताजाच पाठ मिळायचा. शिवाय प्रत्येक पाठ दोन ठिकाणी दिसायला हवा होता, एकदा इयत्तेखाली आणि एकदा विषयाखाली. तिथेही लिंकच.

डिस्कची फाइल बनवताना एक अक्षर जास्त लिहावं लागतं. ते लिहिलं की पाटी न घेता पाटीमागचा खरा माल घेतला जातो. मला ते माहीत होतं, मी लिहिलंही होतं. पण मग प्रत्येक पाठ दोनदा आला आणि सगळं सातशे एमबीच्या वर गेलं. सीडीत त्याहून जास्त मावत नाही. मी दोन दिवस इकडचं तिकडचं काढून बघितलं. शेवटी ते एक अक्षर काढलं. लगेच बसलं, वर जागाही उरली. मला वाटलं, जमलं.

मग डिस्क तपासली, ती त्याच कॉम्प्युटरवर. डिस्कवर फक्त पाट्या होत्या, पण ज्या गल्लीचा पत्ता लिहिला होता ती गल्ली त्याच कॉम्प्युटरात होती. त्यामुळे आवाज आला, स्वच्छ. एक्स्चेंजमध्ये केबल तपासताना आम्ही पहिली, मधली आणि शेवटची जोडी बघायचो आणि तीन चांगल्या निघाल्या की केबल पास करायचो. मी तीन पाठ ऐकले. एकतीस डिस्का केल्या आणि वाटून टाकल्या.

एवढ्यावरही निभावलं असतं, कारण मूळ पाठ माझ्याकडे होते. पण रत्ना भाऊबीजेला इस्लामपूरला गेली, तेव्हा मी माझा कॉम्प्युटर पूर्ण पुसला आणि त्यात आमचीच डिस्क घातली. ती आली की तिला दाखवायचं होतं, बघ, आपल्या घरातही आता आपलंच.

तिचं वर्ष मी असं पुसलं.

बारा वाजता वीज गेली. जेवताना तिने फोन कुणाचा होता ते विचारलं. संगीताबाईंचा, स्पीकरचं काहीतरी आहे, असं मी सांगितलं. ती म्हणाली, त्यांना नीट समजावून सांगा, त्या एकट्याच आहेत शाळेवर. मी मान हलवली. ट्रायलच्या बिघडलेल्या डिस्का एका खोक्यात टाकलेल्या असायच्या. मी दुपारी सायकल काढली आणि त्या घेऊन स्टँडसमोरच्या कॅफेत गेलो, तिथे जनरेटर होता. सातही डिस्का लावून बघितल्या. सगळ्यांत पाट्याच.

चार वाजता वीज आली. रत्ना दोन कप चहा घेऊन आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"तेविसावा लावा ना जरा," ती म्हणाली.

"आता?"

"तुम्ही चहा प्या. मी ऐकते."

मग मी सांगितलं. पाट्या, ते अक्षर, सातशे, भाऊबीज, सगळं. बराच वेळ बोललो. गृहपाठ न आणलेल्या पोराचं ऐकून घ्यावं तसं तिने मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"म्हणजे माझा आवाज कुठेच नाही."

"नाही. वह्या आहेत."

"वह्या मला माहीत आहेत," ती म्हणाली. "डिस्क केलीत तेव्हा तुम्ही सगळे पाठ ऐकले होतेत ना?"

मी म्हणालो की सगळे ऐकले असते तरी कळलं नसतं, कारण त्या कॉम्प्युटरवर ते वाजणारच होते. ते खरंही होतं.

"मी ते विचारत नाही. ऐकलेत का?"

"तीन ऐकले. पहिला, पंचविसावा आणि शेवटचा."

तिने चहाचा एक घोट घेतला.

"दिवाळीच्या आधी मी तुम्हाला विचारलं होतं, तेविसावा कसा झालाय."

"हो."

"काय म्हणालात?"

"छान झालाय म्हणालो."

ती उठली आणि दोन्ही कप घेऊन गेली. माझा अर्धा भरलेला होता.

रागावली की रत्ना भांडायची नाही. जास्त नीट वाढायची. त्या दिवशी भाकरीवर तूप आलं, लोणच्याची फोड वेगळ्या वाटीत आली, ताकात जिरं आलं. एक शब्द आला नाही.

बुधवारी सकाळी पावणेसातला उठलो तर ती घरात नव्हती. सात वाजले, वीज होती, तरी गिरणीचा आवाज नव्हता. मी दारात आलो. रत्ना गिरणीच्या पायरीवर हणमंताशी बोलत होती आणि पिठाचे डबे घेऊन आलेली चार-पाच माणसं बाजूला उभी होती.

"सात ते दहा बंद ठेवतो म्हणालेत," ती घरात येताना म्हणाली. आदल्या दुपारपासूनचं ते पहिलं वाक्य. "शुक्रवारपर्यंत. शनिवारी शिक्षकांची बैठक आहे, तेव्हा डिस्का बदलून द्यायच्या. चला."

सकाळी वीज बारापर्यंतच असायची, आणि सात ते दहा हीच हणमंताची कमाईची वेळ. मी त्याला तसं म्हणालो तर तो म्हणाला, "अण्णा, पीठ दहा वाजता दळलं तरी पीठच हुतंय. तुमी आत जावा. बाई लय कावल्यात."

आम्ही धान्याच्या खोलीत माइक मांडला. खिडकीला गादी लावली. मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि नेहमीसारखा कॉम्प्युटरकडे तोंड करून बसलो, आवाजाची रेघ वरखाली होते ती बघत.

"इकडे बसा," रत्ना म्हणाली. तिने तिच्या समोर पोतं टाकलं होतं.

"रेघ बघायला नको?"

"रेघ बघू नका. माझ्याकडे बघा. वर्षभर रेघच बघितलीत."

मी पोत्यावर बसलो. वर्षभर मी तिच्याकडे पाठ करून बसत होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. शब्द माझ्या कानावर पडत होते, पण आवाज फाटतोय का, खरखर येतेय का, एवढंच मी ऐकत होतो. लाईन तपासणाऱ्याला गप्पा ऐकायच्या नसतात, ही आमच्या खात्याची शिस्त होती आणि ती मी घरीही पाळली होती.

पहिला पाठ झाला. बंधाऱ्यावरचा बगळा. तिने वही मिटली आणि विचारलं, "बगळा शेवटी कुठे गेला?"

"मासे खायला."

"कुठल्या गावाला?"

मला सांगता आलं नाही. तिने पाठ पुन्हा वाचला. दुसऱ्या वेळी मी सांगितलं. त्यानंतर प्रत्येक पाठाला एक प्रश्न असायचा. बरोबर सांगितलं की ती वहीत बारीक टिक करायची, पाठाला की मला ते माहीत नाही. बुधवारी चौदा झाले. मध्येच उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जायचे, तेव्हा थांबायचो. साडेनऊला खिडकीबाहेर कुजबुज ऐकू आली. गादी बाजूला करून बघितलं तर डबेवाल्या बाया खिडकीखाली ओळीने बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "चालू द्या की बाई. त्या आत्याच्या कुलपाचं काय झालं?"

रत्ना हसली. मंगळवारी चार वाजल्यापासून पहिल्यांदा.

गुरुवारी आठच्या सुमाराला तेविसावा आला. ती नेहमीसारखीच वाचू लागली. एक तारवाला माणूस असतो. तो एका वस्तीवर पोल चढतो. वर पोचतो तर खालून एक म्हातारी हाक मारते, अरे लेकरा, तिथनं माझी शेळी दिसती का? त्याला दिसते, ओढ्याच्या पलीकडे. तो सांगतो. दुसऱ्या दिवशी म्हातारी पुन्हा येते. शेळी कुठे आहे? तो बघून सांगतो. असे आठ दिवस जातात. मग लाईन दुरुस्त होते. वस्तीवर फोन लागतो. तारवाला तीनदा म्हणतो, हॅलो, ऐकू येतंय का, आणि सामान आवरून निघतो. वाटेत म्हातारी भेटते. शेळी दिसली का, असं विचारते. तारवाला सामान खाली ठेवतो, परत जातो आणि नुसती शेळी बघायला पोल चढतो.

हे माझं होतं. लग्न झालं त्या वर्षी पाटणच्या बाजूला कामाला होतो. आठ दिवसांनी घरी आलो, तेव्हा जेवता जेवता रत्नाला सांगितलं होतं, कुरकुर म्हणून. एका म्हातारीने शेळीपायी डोकं खाल्लं, शेवटच्या दिवशी विनाकारण पोल चढायला लावला, असं. मी ते विसरून गेलो होतो. तिने ते अठ्ठावीस वर्षं ठेवलं होतं आणि दुसरीच्या मुलांना देऊन टाकलं होतं. आणि मी ऐकेन म्हणून वाट बघत होती. विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, छान झालाय.

तिने वही मिटली. या वेळी प्रश्न विचारला नाही. खाली बघून पुढचं पान काढत राहिली.

"त्या शेळीला नाव होतं," मी म्हणालो. "चंपी."

"मला सांगितलं नव्हतंत."

"आता आठवलं."

"चंपी," ती म्हणाली. "मग पुन्हा वाचते. नावासकट."

आणि तिने तेविसावा पुन्हा वाचला. आज शाळांकडे आहे तो हाच.

शुक्रवारी तिचा घसा बसला. एकोणचाळिसावा कसाबसा झाला. हणमंताने ज्येष्ठमध पाठवलं, बायांनी तुळशीचा काढा आणून दिला, पण चाळिसाव्याच्या पहिल्याच ओळीला नुसती हवा आली. तिने वही माझ्यापुढे सरकवली.

"उरलेले तुम्ही वाचा."

"मी? मला हॅलोच्या पुढे काय येतं?"

"तेवढं आलं तरी पुरे," ती त्या बसलेल्या आवाजात म्हणाली. "मी बसते पोत्यावर."

मी वाचलं नाही. म्हणालो, आज डिस्क करायची आहे, वेळ नाही, तुझा घसा बरा झाला की तूच वाच. यादीतून ती नऊ नावं काढतो, असंही म्हणालो. तिने नको म्हटलं. नावं असू द्या, नावं दिसली म्हणजे मुलं मागतील.

डिस्क केली. या वेळी एकही लिंक ठेवली नाही. प्रत्येक पाठ एकाच ठिकाणी, खराखुरा उतरवून. मग ती घेऊन दुपारी कॅफेत गेलो. जिथे माझं काहीच नव्हतं अशा कॉम्प्युटरवर ती लावली आणि एकोणचाळीस पाठ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकले. चार तास लागले. कॅफेवाल्याने दोनदा येऊन विचारलं, काका, काही अडचण आहे का? मी नाही म्हणालो. तेविसावा दोनदा ऐकला.

शनिवारी बैठकीत आम्ही डिस्का बदलून दिल्या. बिघाड कसा झाला ते मी उभं राहून सांगितलं. संगीताबाई पहिल्या ओळीत होत्या. त्यांनी विचारलं की शेवटच्या नऊचं काय. रत्नाला नीट बोलता येत नव्हतं, तरी तिने हाताने मला बसवलं आणि स्वतः उत्तर दिलं.

"ते हे वाचणार आहेत."

सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर घसा बरा झाला. मी दोनदा तिला वाचायला सांगितलं आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, ते तुमचे आहेत. मी म्हणायचो, बघू. दोन वर्षांनी ती निवृत्त झाली, मग आमचं मुलीकडे येणं-जाणं सुरू झालं, मग तिची किडनीची दुखणी. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचो. मशीन चार तास चालायचं. तिथे ती मला म्हणायची, काहीतरी बोला. मी पोलावरच्या, एक्स्चेंजमधल्या, आठवतील त्या गोष्टी सांगायचो. डोळे मिटून ती ऐकायची आणि मध्येच विचारायची, मग त्या माणसाचं नाव काय होतं?

गेल्या श्रावणात ती गेली. तेराव्याला संगीताबाई आल्या होत्या. त्या आता कळंबटेकला नसतात. त्यांनी सांगितलं की डिस्कवरचे पाठ त्यांनी कधीच मोबाइलमध्ये घेतले आहेत आणि प्रत्येक नव्या वर्गाला त्या ते ऐकवतात. शेवटच्या नऊबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही विषय काढला नाही.

परवा मी वही उघडली. चाळिसावा पाठ दीड पानाचा आहे. मनात वाचला. माइक लावला, कॉम्प्युटर सुरू केला आणि बसलो. तिच्या जागी बसलो की समोरचं पोतं रिकामं दिसतं. थोड्या वेळाने सगळं बंद केलं.

चाळीस ते अठ्ठेचाळीस, असे नऊ पाठ माझे वाचायचे राहिले आहेत.